दगडांतील केळ

जळगांवाहून यावल-रावेरकडे जाणाऱ्या रस्त्यानें भर उन्हाळ्यांत प्रवास करणाऱ्यास एक नवल दिसतें. माळ करपलेला, सातपुड्याचे डोंगर उघडेबोडके, आणि त्यांच्या पायथ्याशीं कोसच्या कोस पसरलेलीं केळीचीं हिरवींगार बनें. तापीकांठची काळीभोर जमीन आणि विहिरींचें पाणी यांच्या बळावर खानदेशानें केळीचें जें राज्य उभारलें आहे, त्याला महाराष्ट्रांत दुसरी तोड नाहीं. या केळ्याची साल सोलून तें खाणाऱ्या मनुष्यास त्याच्याबद्दल कांहीं कोडें पडत असेल असें दिसत नाहीं. परंतु कोडें आहे, आणि तें फळाच्या पोटांतच आहे. केळें आडवें कापून पाहिलें तर गराच्या मधोमध बारीक काळसर ठिपके तीन भागांत मांडलेले दिसतात. हे ठिपके म्हणजे न धरलेल्या बियांच्या खुणा होत. बीं राहण्याची जागा आहे, बीं मात्र नाहीं.

बागाईतदार केळीची लावणी करतो ती बीं पेरून नव्हे. जुन्या झाडाच्या बुडाशीं जे मुनवे फुटतात ते, किंवा त्यांचे कंद, काढून तो लावतो. अलीकडे प्रयोगशाळेंत वाढविलेलीं रोपेंहि विकत मिळतात. पण कंद असो वा रोप असो, नवें झाड हा जुन्याच झाडाचा एक तुकडा असतो. बसराई काय किंवा ग्रँड नैन काय, या वाणांच्या पेशींत रंगसूत्रांचे दोनांऐवजीं तीन संच असतात, आणि तिहींची सारखी वांटणी होऊं शकत नसल्यामुळें बीं धरत नाहीं. मनुष्याच्या दांतांना हें सोयीचें झालें, म्हणून त्यानें अशींच झाडें निवडून हजारों वर्षें जपलीं. न्यू गिनी बेटांतील कूक नांवाच्या दलदलींत सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं केळीची लागवड होत होती असा पुरावा मिळाला आहे. निसर्गानें मात्र केळ घडविली ती बियांची. ती केव्हांची, आणि तिच्या सोबतीस दुसरीं कोणतीं झाडें होतीं, या प्रश्नाचें उत्तर दगडांत शोधावें लागतें. आणि तो दगड ज्या काळ्या खडकाच्या घड्यांत सांपडला, त्याच खडकाच्या पाठीवर अवघें खानदेश वसलेलें आहे.

हा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. चाळीसगांवाहून कन्नडकडे घाट चढूं लागलें म्हणजे डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेल्या पायऱ्या दिसतात. यांतील एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याच्या एकेका प्रवाहाची कड होय. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा रस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजहि त्यानें सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि झांकलेली आहे, आणि सह्याद्रींत कांहीं ठिकाणीं त्याची जाडी दीड किलोमीटरांहून अधिक भरते. त्या काळीं भारतखंड आशियाला जोडलेलें नव्हतें. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तें एका प्रचंड बेटाप्रमाणें उत्तरेकडे सरकत होतें. हिमालय अजून व्हावयाचा होता.

धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांत या उत्पाताची एक निराळीच खूण शिल्लक आहे. साक्री-नंदुरबारच्या बाजूस सपाट मुलखांतून भिंतीसारखे उभे दगडी बांध मैलोगणती धांवत गेलेले दिसतात. त्यांचा रोख बहुधा पूर्व-पश्चिम असतो. कांहीं तर पन्नास किलोमीटरांहूनहि लांब आहेत. ज्या भेगांतून रस वर चढला त्या भेगांतच तो थिजला, पुढें भोंवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि हा कठीण गाभा भिंत होऊन उघडा पडला. परक्या मुलखांतून आलेल्यास ती एखाद्या उद्ध्वस्त किल्ल्याची तटबंदी वाटली तर नवल नाहीं.

आतां असा आगीचा लोळ जेथून वाहिला तेथें झाडापेडाचा अवशेष कसा उरावा, अशी शंका सहजच येते. वस्तुतः हे प्रवाह अखंड वाहत नव्हते. एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत कधीं थोडा, कधीं हजारों वर्षांचा काळ जाई. तेवढ्या अवधींत लाव्ह्याचा पृष्ठभाग कुजून माती होई. खोलगट जागीं पाणी सांठून तळीं बनत. कांठीं झाडोरा माजे, पाण्यांत शेवाळ व नेचे वाढत, गोगलगाई रांगत. मग पुन्हां रस येई आणि तें सारें तळें गाळासकट झांकून टाकी. दोन लाव्ह्यांच्या मध्यें दबलेल्या या गाळास भूशास्त्रज्ञ आंतरट्रॅपी थर म्हणतात. ज्या प्रदेशांत रस वरचेवर व दाट वाहिला तेथें तळ्यांना फुरसत कमी मिळाली. म्हणून ऐन खानदेश-सह्याद्रीच्या राशींत हे थर विरळ आहेत. तापीच्या खोऱ्यांत तर खुद्द लाव्हाच पुष्कळ ठिकाणीं नदीच्या शेंकडों फूट गाळाखालीं गेला आहे. उलट जेथें ही रास पातळ होत जाते त्या पूर्वेच्या कडेला, म्हणजे नागपुर, वर्धा, चंद्रपुर आणि छिंदवाडा या टापूंत, हे थर मुबलक व संपन्न आहेत. खानदेशाच्या रानाचा इतिहास वऱ्हाडापलीकडे जाऊन वाचावा लागतो तो यासाठीं.

या गाळाचा गारगोटीसारखा कठीण दगड बनतो. त्यास चर्ट म्हणतात. ज्वालामुखीच्या राखेंतून व खडकांतून विरघळलेली सिलिका तळ्याच्या पाण्यांत मिसळली. तें पाणी पडलेल्या फळांत, खोडांत, फुलांत झिरपलें आणि कुजण्याची क्रिया पुरी होण्याच्या आंतच पेशीपेशींत सिलिका भरून बसली. त्यामुळें येथें केवळ पानाचा ठसा उरलेला नसून फळाचें सालपट, बियांचें कवच, फुलांतील परागकोश, किंबहुना कांहीं नमुन्यांत परागकणसुद्धां जागच्या जागीं आहेत. महाराष्ट्रांतील कित्येक देवघरांत जो शाळिग्राम पुजला जातो, तोहि बहुधा समुद्रांतील प्राण्याचा अश्मीभूत अवशेष असतो. परंतु त्यांत प्राण्याच्या शंखाचा केवळ आकार राहिलेला असतो, मांस राहिलेलें नसतें. मोहगांवच्या चर्टमध्यें वनस्पतीचें जणुं मांसच दगड झालेलें आहे. अशा दगडाच्या पातळ चकत्या कापून त्या घांसल्या, किंवा दगडाची पाठ आम्लानें किंचित् खाववून तिच्यावर पारदर्शक पापुद्रा चिकटवून तो सोलून काढला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींची जाळी स्पष्ट दिसते. आतां क्ष-किरणांच्या साहाय्यानें दगड न फोडतां आंतील फळाची घडण पाहतां येते.

या दगडांकडे प्रथम शास्त्रीय दृष्टीनें पाहणाऱ्यांत एक मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश गृहस्थ १८४५ सालीं नागपुरास आला. धर्मप्रसार व शाळा हा त्याचा व्यवसाय. परंतु फावल्या वेळीं हातोडी घेऊन रानोमाळ हिंडण्याचा त्याला नाद होता. आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर त्यानें नागपुराजवळच्या टाकळी येथें अश्मीभूत फळें व बिया यांचा मोठा संग्रह केला, आणि १८५५ सालीं लंडनच्या भूशास्त्र-परिषदेच्या नियतकालिकांत नागपुरच्या आसमंतांतील भूरचना व जीवाश्म यांविषयीं त्या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. १८६३ सालीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येतांना एका ओढ्याच्या पुरांत हिस्लॉप बुडून मरण पावला. नागपुरचें हिस्लॉप कॉलेज त्याच्या नांवाचें. टाकळी आतां शहरांत सामावून गेली आहे. ज्या मातींतून त्यानें फळें वेंचलीं तिच्यावर घरें उभीं आहेत.

हिस्लॉपनंतर दीर्घकाळ या फळांकडे कोणी फारसें फिरकलें नाहीं. १९३३ च्या सुमारास के. पी. रोडे यांनीं मोहगांव कलां या छिंदवाडा प्रदेशांतील गांवच्या चर्टमधून ताडकुळांतील खोडें व कित्येक फळें वर्णिलीं, आणि लखनौचे प्राध्यापक बिरबल साहनी यांचें लक्ष या टापूवर खिळलें. सौंसर आणि मोहगांव हीं नांवें तेव्हांपासून जगांतील पुरावनस्पतिशास्त्रज्ञांच्या तोंडीं बसलीं. साहनींनीं पाणनेच्याच्या एका जातीला रोडे यांच्या नांवावरून रोडाइटीस हें नांव दिलें. सौंसरच्या दगडांत त्यांना व एच. एस. राव यांना ॲझोला सांपडली. भाताच्या खाचरांत नत्राच्या खतासाठीं जी तरती वनस्पति आज मुद्दाम सोडतात, तिचीच ही पूर्वज-सखी. पुण्याचे प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांनीं १९५० सालीं मोहगांवच्याच दगडांतून साल्व्हिनिया ही तिची शेजारीण उजेडांत आणली. तीं तळीं गोड्या पाण्याचीं होतीं हें यावरून कळून येतें.

परंतु त्याच मोहगांवांत निपा नांवाच्या ताडाचें फळहि सांपडलें, आणि येथें प्रकरण गुंतागुंतीचें झालें. निपा गोड्या तळ्याकांठीं वाढत नाहीं. सुंदरबनांत खाडीच्या चिखलांत ती उगवते. बंगालींत तिला गोलपाता म्हणतात व तिच्या झांवळ्यांनीं घरें शाकारतात. म्हणजे मध्य हिंदुस्थानच्या पोटांत कोठें तरी खारें पाणी खेळत असलें पाहिजे. पुढें २००९ सालीं गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं छिंदवाड्यांतीलच झिलमिली येथील थरांतून समुद्रांतील सूक्ष्म जीवांचे अवशेष प्रसिद्ध केले, आणि नर्मदा व तापी यांच्या खचलेल्या पट्ट्यांतून समुद्राचा एखादा हात आंत शिरला असावा असें सुचविलें. ही सूचना खरी ठरली तर आजच्या भुसावळ-जळगांवच्या बाजूनेंच तें पाणी आंत गेलें असण्याचा संभव आहे.

निपेमुळें दुसराहि एक वाद पेटला. दख्खनचा लाव्हा कोणत्या युगांतला? जुन्या भूशास्त्रज्ञांचा कल त्यास क्रिटेशस, म्हणजे महाकाय सरटांच्या युगाचा शेवट, मानण्याकडे होता. साहनींनीं १९३४ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें हा प्रश्न पुन्हां उपस्थित केला. निपेचीं फळें लंडनच्या चिकणमातींत विपुल मिळतात आणि ती माती त्यानंतरच्या तृतीय युगांतील आहे. ॲझोला इत्यादिकांचीहि साक्ष तशीच. तेव्हां लाव्हाहि तृतीय युगांतीलच, असा त्यांचा निष्कर्ष होता. वनस्पतींच्या आधारें खडकाचें वय सांगण्याचा हा धाडसी यत्न होता. आज किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून वय मोजतां येतें, आणि त्या मापानें असें दिसतें कीं लाव्हा नेमका दोन युगांच्या उंबरठ्यावर वाहिला. पहिला भाग अलीकडे, उरलेला पलीकडे. दोन्ही पक्ष अर्धे खरे ठरले. साहनींची चूक झाली असें म्हणण्यापेक्षां, निपा आणि तिच्यासारखीं झाडें समजत होते त्याहून पुष्कळ जुनीं निघालीं, असें म्हणणें न्यायाचें होईल.

साहनींच्या चिकाटीचें उत्तम उदाहरण म्हणजे एनिग्मोकार्पन. मोहगांवच्या दगडांत एक फळ पुनःपुन्हां आढळे. परंतु तें आजच्या कोणत्याहि झाडाच्या फळाशीं हुबेहूब जुळेना. म्हणून १९४३ सालीं त्यांनीं त्यास ‘कोड्याचें फळ’ अशा अर्थाचें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं नागपुरचे व्ही. बी. शुक्ल यांनीं त्याच दगडांतील एका लहानशा फुलाचें वर्णन करून साहनींच्या नांवावरून त्याचें नामकरण केलें. हळूहळू ध्यानांत आलें कीं हें फूल आणि तें फळ एकाच झाडाचीं. फूल गळून फळ धरेपर्यंतच्या अवस्था दगडांत एकापुढें एक लावून पाहतां आल्या. हें झाड मेंदीच्या कुळांतील ठरलें. सातपुड्याच्या उतारावर लाल फुलांनीं पेटणारी धायटी आणि महाराष्ट्राचें राज्यपुष्प तामण हीं याच कुळांतलीं. १९४९ च्या ३ एप्रिल रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौच्या पुरावनस्पति संस्थेची कोनशिला बसली. त्या शिळेंत निरनिराळ्या युगांचे जीवाश्म जडविलेले होते. त्यानंतर आठवडाहि लोटला नाहीं तोंच साहनी निवर्तले.

केळ सांपडली ती त्यांच्या मागून. १९६० नंतरच्या वर्षांत आर. के. जैन यांनीं मोहगांवच्याच चर्टमधील एका फळाचें सविस्तर वर्णन करून त्यास केळीच्या कुळांत बसविलें आणि म्यूसा कार्डिओस्पर्मा, म्हणजे हृदयाकृति बियांची केळ, असें नांव दिलें. या फळांत बिया आहेत! खानदेशच्या केळ्यांत जेथें नुसते ठिपके राहिले आहेत तेथें येथें टणक बीं भरलेलें आहे. अश्मीभूत केळ ही अतिशय दुर्मिळ गोष्ट असून तिचीं माहीत असलेलीं स्थळें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. १९९३ सालीं उत्तर अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत सुमारें सव्वाचार कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांतून केळीच्या जवळच्या एन्सेटे या वंशाच्या बिया जाहीर झाल्या; आणि गंमत अशी कीं अमेरिकाखंडांत हा वंश आज रानांत कोठेंहि नाहीं, तो केवळ आफ्रिका व आशिया येथें उरला आहे. म्हणजे केळ कोठें जन्मली हें तिच्या आजच्या घरावरून ठरविणें धोक्याचें आहे.

मोहगांवच्या झाडांचें खरें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागतें. जमिनीवर वनस्पति आल्या त्याला सुमारें ४७ कोटि वर्षें झालीं. प्रथम शेवाळासारख्या, मग नेच्यासारख्या, त्यानंतर बिया असलेल्या पण फूल नसलेल्या. विदर्भाच्या कोळशाच्या खाणींत जिभेच्या आकाराचीं पानें मिळतात तीं ग्लोसोप्टेरिस या अशाच बीजधारी झाडाचीं. भारतांत निघणारा बहुतेक सर्व दगडी कोळसा हा त्या काळच्या वनांचा सांठा, आणि भुसावळच्या यार्डांत एके काळीं धुराचे लोट सोडणारीं इंजिनें तींच वनें जाळीत होतीं. हेंच पान दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर कॅप्टन स्कॉटच्या मंडळींनीं १९१२ सालीं उचललें. तीं माणसें बर्फांत मेलीं तेव्हां सुमारें सोळा किलो दगड त्यांच्याजवळ होते. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व दक्षिण ध्रुवखंड एकदां एकच भूमि होती याच्या पुराव्यांत या पानाचा वांटा मोठा आहे. त्या भूमीस गोंडवनावरूनच नांव पडलें.

फुलांचीं झाडें मात्र फार उशिरां आलीं. त्यांचे निःसंशय अवशेष सुमारें साडेतेरा कोटि वर्षांपलीकडे जात नाहींत, आणि एकदां आलीं तीं इतक्या झपाट्यानें पसरलीं कीं डार्विनला त्याचा उलगडा होईना. १८७९ सालीं हूकरला लिहिलेल्या पत्रांत त्यानें या गूढाबद्दलचा आपला वैताग स्पष्ट बोलून दाखविला. दख्खनचीं तळीं या गूढाच्या मधल्या पानांपैकीं एक होत. तेथें ताड आहेत, केळ आहे, मेंदीचें कूळ आहे. म्हणजे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच सपुष्प वनस्पतींचीं आजचीं कुळें पुष्कळशीं वेगळीं झालेलीं होतीं. ताडांपुरतेंच पाहावयाचें तर २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फळावरून, ज्या शाखेंत आपला नेहमींचा ताड मोडतो ती शाखाहि त्या काळीं अस्तित्वांत होती असें ठरलें.

द्राक्षाची गोष्टहि अशीच. नागपुराजवळच्या माहुरझरी वगैरे ठिकाणच्या चर्टमधील बारीक बियांचा अभ्यास करून स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे प्राध्यापक दशरथ कापगते आणि जून वेन यांनीं २०१३ सालीं त्या द्राक्षकुळांतील असल्याचें दाखविलें. या कुळाचीं जगांतील सर्वांत जुनीं फळें तींच होत. त्यांना जें नांव दिलें त्यांत नागपुरच्या डॉ. श्यामला चितळे यांचें नांव गुंफलेलें आहे. नागपुरांत शिकवीत असतां चितळे यांनीं या थरांतील वनस्पतींचा दीर्घ अभ्यास केला आणि पुढें अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत पुरावनस्पतींचा विभाग उभा केला. त्या निवर्तल्या त्याच वर्षीं हें नामकरण झालें. २०२४ सालीं दक्षिण अमेरिकेंत कोलंबियांत ६ कोटि वर्षांपूर्वींचें द्राक्षबीं जाहीर झालें. तरी वडीलकीचा मान अजून विदर्भाकडेच आहे.

आणि ज्वारी? खानदेशी माणसाच्या ताटांत केळ्याहून भाकरीचें स्थान मोठें. ज्वारी, बाजरी, तांदूळ, ऊस, बांबू हीं सारीं गवताच्या कुळांतलीं. गवताचीं पानें हातावर ओढलीं तर बोट कापतें, कारण त्यांच्या पेशींत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण असतात. कडबा कुजून जातो, कण उरतात. आणि प्रत्येक कुळाच्या कणाची घडण निराळी. न्यू गिनींतील केळ ओळखली गेली तीहि अशाच कणांवरून. चंद्रपुर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ पिसदुरा नांवाचें गांव आहे. तेथें शेतांतून महाकाय सरटांच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाहि मिळते. चार्ल्स मॅटली यानें १९३९ सालीं तिच्यावर लिहिलें होतें. विष्ठेवर निबंध लिहिणें हें पुष्कळांना त्या वेळीं विनोदाचें वाटलें असेल. परंतु २००५ सालीं वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनीं ती विरघळवून तपासली, तेव्हां तिच्यांत इतर झाडांच्या अवशेषांबरोबर गवताच्या निदान पांच प्रकारांचे कण निघाले. तोंपर्यंत शास्त्रज्ञांची समजूत अशी कीं सरट नष्ट झाल्यावर पुष्कळ काळानें गवत उगवलें. आतां सरट गवत खात होते हेंच सिद्ध झालें! २०११ सालीं तेथीलच कणांवरून भाताच्या शाखेचा उगमहि त्या काळापर्यंत मागें नेण्यांत आला. सरटांच्या चित्रांतून गवत खोडून टाकणाऱ्या चित्रकारांना तें पुन्हां काढावें लागलें.

त्या युगाच्या शेवटीं काय झालें हें सर्वश्रुत आहे. मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनि आदळला, इकडे दख्खनांत लाव्हा वाहत होता, आणि सरट नाहींसे झाले. दोहोंपैकीं कोणाचा अपराध किती हा वाद अजून मिटलेला नाहीं. परंतु वनस्पतींचा हिशेब प्राण्यांच्या हिशेबाहून निराळा असतो. झाड जळालें तरी बीं मातींत पडून राहतें, कंद जमिनीखालीं तग धरतो, नेच्याचे बीजुक वाऱ्यावर जातात. जाती पुष्कळ मेल्या, कुळें मात्र बहुतेक टिकलीं. लाव्ह्यानें एक तळें गाडलें, दुसऱ्या तळ्याकांठीं पुन्हां ताड उभे राहिले. दोन प्रवाहांच्या मधल्या प्रत्येक गाळांत हीच कथा पुनःपुन्हां वाचावयास मिळते. मग तोच लाव्हा कोट्यवधि वर्षें पावसांत झिजला, त्याची काळी माती झाली, ती तापीनें खोऱ्यांत आणून टाकली, आणि त्या मातींत मनुष्यानें केळ आणून लावली.

हीच केळ आज अडचणींत आहे, आणि तिचें मर्म त्या तीन ओळींच्या ठिपक्यांत आहे. बियांच्या वनस्पतींत प्रत्येक पिढीला आईबापांचे गुण नव्यानें मिसळतात. एखादा रोग आला तर शंभरांत चार तरी रोपें त्याला पुरून उरतात. बिनबियांच्या केळींत सगळें बन म्हणजे एकच झाड. एकाला जो रोग मारतो तो सर्वांना मारतो. गेल्या शतकाच्या मध्यास ग्रोमिशेल हा सर्व जगाच्या बाजारांत विकला जाणारा वाण पनामा रोगानें व्यापारांतून जवळजवळ उठविला. त्याच्या जागीं कॅव्हेंडिश गट आला, ज्यांत बसराई आणि ग्रँड नैन मोडतात. आतां त्या रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरहि उलटला असून तो भारतांत पोंचला आहे. खानदेशांत काकडीवरच्या विषाणूमुळें होणाऱ्या रोगानें, ज्यास शेतकरी हरण्या म्हणतात, रावेर-यावलच्या बागाईतदारांना उभीं रोपें उपटून फेंकावयास लावलीं आहेत. जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें योग्यच झालें. पण मानांकनानें रोग थांबत नाहीं. रोगाला तोंड देणारे गुण शोधावयाचे तर ते बियांच्या रानटी केळींतच शोधावे लागतात, आणि संशोधक नव्या संकरांसाठीं त्यांच्याकडेच वळले आहेत. आसाम-ईशान्येच्या रानांत अशा केळी पुष्कळ आहेत. तीं रानें तुटूं लागलीं आहेत, हें अधिक चिंतेचें.

सह्याद्रीच्या कड्यांवर मात्र या कुळाची एक दूरची नातलग अजून निर्वेध नांदते. ती रानकेळ, कोंकणांत तिला चवई म्हणतात. खानदेशच्या केळीची ती जननी नव्हे. तिचा वंश एन्सेटे, ऑरेगनच्या दगडांत जो सांपडला तोच. पावसाळा लागला म्हणजे उघड्या कातळाच्या कपारींतून तिचीं रुंद पानें वर येतात, दिवाळीनंतर तीं वाळून जातात, आणि कंद जमिनींत दडून पुढच्या मृगाची वाट पाहतो. कित्येक वर्षांनीं ती एकदांच फुलते, फळते आणि मरते. तिला मुनवे फुटत नाहींत. सारी भिस्त बियांवर. तिचें फळ फोडून पाहिलें तर गर थोडा आणि वाटाण्याएवढ्या काळ्या कठीण बियांनीं आंतील सगळी जागा खचाखच भरलेली असते.